बंदुकीचा सर्वांत स्वस्त भाग

कारगिलच्या युद्धाला दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तेव्हा भोसरीच्या एका कारखान्यात इंजेक्शन मोल्डिंग विभागात होतो. म्हणजे प्लास्टिकचे दाणे वितळवायचे आणि साच्यात दाबून त्यांचे भाग बनवायचे. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मशीनवरचा एक कामगार वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे आला. "साहेब, प्लास्टिक थंडीनं तडकतं का हो?" त्याचा धाकटा भाऊ फौजेत होता आणि बातमी रायफलच्या मॅगझिनची होती. मी म्हणालो, "ते प्लास्टिक कुठलं आहे, त्यावर अवलंबून." उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्याचं त्यानं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलो. त्यातलंच थोडं आज आपल्याला सांगतो.

मॅगझिन म्हणजे रायफलला खालून लावायची काडतुसांची डबी. आत एक स्प्रिंग असते आणि ती काडतुसं वर ढकलते. वरच्या तोंडाशी दोन कडा आत वळलेल्या असतात. त्यांना ओठ म्हणतात. या ओठांनी काडतूस नेमक्या कोनात धरून ठेवायचं आणि रायफलनं ते एकेक करून पुढे न्यायचं, एवढाच हा कारभार. पण ओठ किंचित फाकले किंवा स्प्रिंग दमली, की काडतूस तिरपं होतं आणि रायफल अडकते. हजारो रुपयांच्या हत्याराची त्या क्षणी काठी होते.

ब्रिटिशांनी १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली, तेव्हा तिचं मॅगझिन काढता येत असे, पण ते हरवू नये म्हणून रायफलला चक्क साखळीनं जोडलेलं होतं! पुढे यंत्राच्या वेगानं गोळ्या सुटू लागल्या, एकेका सैनिकाला अनेक मॅगझिनं लागू लागली आणि ही डबी स्वस्त झाली. स्वस्ताईबरोबर दुर्लक्षही आलं. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांची शोशा नावाची हलकी मशीनगन होती. तिच्या अर्धचंद्राकृती मॅगझिनची एक बाजू उघडी ठेवली होती, किती गोळ्या उरल्या ते दिसावं म्हणून. खंदकातला चिखल त्याच वाटेनं आत शिरला आणि ही बंदूक अडकण्यासाठीच प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिशांची स्टेन गन तशीच. तिच्या मॅगझिनमध्ये ३२ गोळ्या मावत, पण जाणते सैनिक दोन-चार कमीच भरत.

१९६० च्या दशकात अमेरिकेची एम-१६ रायफल आली. तिचं मॅगझिन पातळ ॲल्युमिनियमचं होतं. कल्पना अशी, की ते हलकं आणि स्वस्त असावं, वापरून टाकून दिलं तरी हरकत नसावी. प्रत्यक्षात कुठल्याही सैन्यात असं काही फेकलं जात नाही. तीच मॅगझिनं वर्षानुवर्षं हातोहात फिरत राहिली, आपटली, चेपली. ॲल्युमिनियमचा ओठ वाकतो, पण वाकलेला चटकन दिसत नाही. व्हिएतनाममध्ये एम-१६ अडकत असे, त्याची मोठी कारणं वेगळी होती. बदललेली दारू, क्रोमचा मुलामा नसलेला कक्ष आणि सफाईच्या साहित्याचा तुटवडा ही ती कारणं. पण मॅगझिनचं दुखणं नंतरही कायम राहिलं. २००७ मध्ये अमेरिकी लष्करानं एम-४ कार्बाइनची धुळीत चाचणी घेतली. साठ हजार गोळ्या झाडल्या, त्यात ८८२ वेळा हत्यार अडकलं आणि त्यातली २३९ प्रकरणं मॅगझिनची निघाली. म्हणजे चारातलं एक दुखणं त्या डबीचं!

रशियनांनी दुसरी वाट धरली. कलाश्निकोव्हचं पोलादी मॅगझिन दणकट, पण जड. पन्हळी पत्र्याचं रिकामं मॅगझिनही सुमारे ३३० ग्रॅम भरे. मग त्यांनी काचतंतू घातलेल्या फिनॉलिक प्लास्टिकचं, तांबूस नारिंगी रंगाचं मॅगझिन काढलं. ते सुमारे २४० ग्रॅमचं होतं. मात्र जिथे घासणार आणि जिथे ओढ बसणार, तिथे त्यांनी पोलाद ठेवलं. ऑस्ट्रियाच्या लष्करानं १९७७ मध्ये स्टायर रायफल घेतली. तिचं मॅगझिन अर्धपारदर्शक प्लास्टिकचं. गोळ्या दिसाव्यात ही शोशाची जुनी हौस इथे भोक न पाडता भागली आणि ते मॅगझिन टिकलंही.

आता आपल्या घराकडे येऊ. इन्सास रायफल आरेखित झाली ती पुण्यातच, पाषाणच्या एआरडीई या संशोधन संस्थेत. तिच्या वीस गोळ्यांच्या मॅगझिनलाही अर्धपारदर्शक प्लास्टिक वापरलं होतं. १९९९ मध्ये ही रायफल कारगिलच्या उंचीवर गेली आणि तक्रारी आल्या. हत्यार अडकतं, थंडीत मॅगझिनला तडे जातात.

आपल्या गच्चीवरची प्लास्टिकची बादली आठवा. दोन उन्हाळे झाले की कड हातात तुटून येते. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात आणि उंच पर्वतावर हे किरण अधिक तीव्र असतात. थंडीत प्लास्टिकचा चिवटपणा कमी होतो. पुण्यात जमिनीवर पडून उसळणारा भाग उणे तापमानात खडकावर आपटला तर फुटू शकतो. नायलॉन हवेतला ओलावा पितं आणि त्यामुळे चिवट राहतं. कोरड्या हवेत तेच कडक होतं. शिवाय प्लास्टिकवर सतत दाब राहिला, तर ते हळूहळू आकार सोडतं. भरलेल्या मॅगझिनच्या ओठांवर स्प्रिंगचा दाब दिवसरात्र असतोच. काचतंतू घातले की ताकद वाढते, पण पारदर्शकता जाते. यातला कुठलाही गुणधर्म गुपित नाही. म्हणून माल निवडताना हत्यार कुठे वापरलं जाणार हे आधी विचारायचं आणि चाचणी तिथल्या हवेत घ्यायची.

अमेरिकेत हे दुखणं शेवटी बाजारानं ओळखलं. १९९९ मध्येच, कारगिलच्याच वर्षी, रिचर्ड फिट्झपॅट्रिक या माजी मरीन सैनिकानं मॅगपुल ही कंपनी काढली. पहिली वस्तू अगदी साधी. मॅगझिन खिशातून चटकन ओढता यावं म्हणून तळाला अडकवायचा एक फास. कंपनीचं नावही त्यावरूनच पडलं. २००७ मध्ये तिनं पी-मॅग हे पॉलिमरचं मॅगझिन आणलं. साठवणीत ओठांवरचा ताण कमी व्हावा म्हणून त्याला टोपणही दिलं. सरकारी मॅगझिन बाजूला ठेवून सैनिक ते वापरू लागले. पण त्याचीही परीक्षा झाली. मरीन कोअरच्या नव्या एम-२७ रायफलीत ते नीट बसेना आणि २०१२ मध्ये त्यावर बंदी आली. कंपनीनं आकार बदलला आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये त्याच मरीन कोअरनं सुधारलेलं मॅगझिन मान्य केलं. दरम्यान लष्करानंही २००९ मध्ये आपल्या ॲल्युमिनियमच्या मॅगझिनची आतली रचना सुधारली होती.

इन्सासची जागा आता दुसऱ्या रायफली घेत आहेत. अमेठीजवळच्या कोरव्याला तयार होणाऱ्या एके-२०३ चं मॅगझिनही पॉलिमरचंच आहे. म्हणजे कारगिलनंतरही प्लास्टिक हद्दपार झालं नाही आणि व्हायची गरजही नव्हती. पोलाद गंजतं, ॲल्युमिनियम वाकतं, प्लास्टिक तडकतं. प्रत्येकाचा रोग वेगळा, तो आधी माहीत हवा.

त्या कामगाराचा भाऊ नोकरी पूर्ण करून सुखरूप गावी आला. आज त्यानं तोच प्रश्न विचारला, तर मी त्याला म्हणेन, "हो, तडकतं. पण कधी आणि किती थंडीत तडकतं, हे आपल्यासारख्यांनी ते भट्टीजवळ बसून नाही, बर्फात तपासायचं असतं. आणि तुझा भाऊ तक्रार करतो, तेव्हा ती त्याच दिवशी लिहून घ्यायची असते."