हार्ड डिस्कचं आजारपण : आधी नक्कल, मग निदान

आजचा विषय हार्ड डिस्कचा इतिहास. भोकरदन तालुक्यातल्या धावड्यात हा विषय आपण का घ्यायचा? कारण आज घरातल्या लॅपटॉपमध्ये काय काय साठलंय ते बघा. पीकविम्याच्या पावत्या, सातबाऱ्याच्या पीडीएफ, मुलांची प्रमाणपत्रं, लग्नाचे फोटो. आजोबांच्या काळी हे सगळं पत्र्याच्या ट्रंकेत असायचं. कागदाला ओल लागली की वास यायचा, कसर लागली की दिसायची, आणि अर्धं पान गेलं तरी उरलेलं वाचता यायचं. डिस्कचं असं नसतं. ती का बिघडते हे कळायचं तर ती कशी घडली ते पाहावं लागेल.

सप्टेंबर १९५६ मध्ये अमेरिकेत आयबीएम कंपनीने रामॅक हे यंत्र जाहीर केलं. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, आणि त्यात मावणारी अक्षरं सुमारे ५० लाख. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. आपल्या जुन्या नोंदी मोडीत आणि उर्दूत, हाताने लिहिलेल्या. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा त्या वाचणारी माणसं हुडकावी लागली. म्हणजे कागद टिकला होता, वाचणारे कमी पडले. डिस्कच्या बाबतीत उलट आहे. वाचणारं यंत्र घरोघरी आहे, नोंद टिकेल याची मात्र खात्री नाही.

पुढे १९७३ मध्ये आयबीएमनेच ‘विंचेस्टर’ पद्धतीची डिस्क आणली. तबकडी आणि ती वाचणारा हेड, दोन्ही एकाच बंद पेटीत. १९८८ मध्ये प्रेअरीटेक कंपनीची अडीच इंची डिस्क आली, आणि लॅपटॉपला सोयीचं माप मिळालं. तबकडी मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेते आणि हेड तिच्यावर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगतो. चालू लॅपटॉप आपटला, की हेड तबकडीला घासू शकतो. तिथली नोंद खरवडली जाते ती कायमची.

मग डिस्क आजारी आहे हे ओळखायचं कसं? १९९५ च्या सुमारास कॉम्पॅक आणि डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून एक पद्धत बसवली, ‘स्मार्ट’ नावाची. डिस्क स्वतःच्या चुका स्वतः मोजून ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये हे आकडे दिसतात. त्यात क्रमांक ५ म्हणजे खराब म्हणून बदललेल्या जागा, १९७ म्हणजे संशयित जागा. हे वाढत असतील तर डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. क्रमांक १९९ वाढत असेल तर मात्र आधी केबल तपासायची, कारण दोष बहुधा जोडणीत असतो. फाइल उघडताना लॅपटॉप अडकणं, आतून ‘टक्‌-टक्‌’ आवाज येणं, ही आपल्याला कळणारी लक्षणं.

पण या आकड्यांवर किती विसंबायचं? २००७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत वाचनाची पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता ३९ पट जास्त निघाली. आणि बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या चार मुख्य आकड्यांत काहीच आलं नव्हतं! म्हणजे वाईट आकडा आला तर विश्वास ठेवायचा, चांगला आला म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

इथे आपली तहसील कचेरीची जुनी रीत कामाला येते. मूळ दप्तर जपून ठेवायचं, लोकांच्या हाती नक्कल द्यायची. डिस्कचंही तसंच. संशय आला, की आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्यायच्या, मगच तपासण्या. चेकडिस्कसारखी दुरुस्ती आधी चालवली तर आजारी डिस्कवर ताण येतो, आणि ती त्याच धडपडीत जाऊ शकते. टक्‌-टक्‌ वाजत असेल तर लॅपटॉप बंदच करायचा. नोंदी मोलाच्या असतील तर डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यायचा. पेटी घरी उघडायची नाही, धुळीचा एक कण पुरे होतो.

नक्कल झाली, की बदलणं सोपं. जुन्या लॅपटॉपला बहुधा अडीच इंची साटा डिस्क लागते. जाडी सात की साडेनऊ मिलिमीटर, ते बघून घ्यायची. बॅटरी काढून, चार स्क्रू सोडवून नवी बसवायची. आता बहुतेक जण एसएसडी घेतात. तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून ती धक्का सोसते. पण ती वाजतही नाही, आणि पुष्कळदा पूर्वसूचना न देता जाते. म्हणून नवी डिस्क बसवली तरी दुसरी प्रत ठेवावीच लागते, आणि शक्यतो दुसऱ्या घरात.