तूर पिकाची सुधारणा

तूर पिकाची सुधारणा : रोगप्रतिकारक्षमता, लवकर पक्वता, अधिक उत्पादन व दाण्याचा सकसपणा हे गुण तुरीत आणण्यासाठी भारतात विसाव्या शतकाच्या आरंभापासून झालेले प्रयत्न. तूर (कजॅनस कजान) ही शिंबावंत कुलातील वनस्पती मूळची भारतातील असून कजॅनस कजॅनिफोलियस ही येथील वन्य जाती तिची पूर्वज मानतात. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील उत्खननात इ. स. पू. दुसरे ते इ. स. तिसरे शतक या काळातील तुरीचे दाणे मिळाले आहेत. पीक इतके जुने असूनही त्याची शास्त्रीय सुधारणा गहू व भात यांच्या मानाने फार सावकाश झाली.

महत्त्व : तुरीच्या दाण्यात सु. २०–२२ टक्के प्रथिन असते. त्यात लायसीन हे ॲमिनो अम्ल विपुल, तर मिथिओनीन अल्प असते. तृणधान्यांत याच्या उलट स्थिती असल्याने भाकरी वा भात यांना वरणाची जोड मिळाली म्हणजे दोहोंतील उणीव भरून निघते. सर्व कडधान्यांची दरडोई दैनिक उपलब्धता १९५१ मध्ये सु. ६१ ग्रॅ. होती; ती २०१० च्या सुमारास सु. ३५ ग्रॅ. इतकी उतरली. लोकसंख्यावाढीप्रमाणेच हरितक्रांतीच्या काळात ओलिताखालील जमीन गहू व भात यांकडे वळली, हेही याचे एक कारण होय. कडधान्ये मुख्यतः कोरडवाहू जमिनीत राहिली.

अशा जमिनीला तूर उपकारक ठरते. तिच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण करतात, सोटमूळ खोलवरचा ओलावा शोषते व गळालेल्या पानांचे खत होते. मुळांतून स्रवणारे पिसिडिक अम्ल जमिनीतील लोहाशी बद्ध असलेला फॉस्फरस मुक्त करते, असे १९९० मध्ये दाखविण्यात आले.

आरंभीचे कार्य : बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत ई. जे. बटलर यांनी मर रोगाचा अभ्यास करून १९१० मध्ये त्यास कारणीभूत असलेल्या फ्युजेरियम कवकाचे वर्णन केले. हे कवक जमिनीत टिकून राहते व मुळांवाटे झाडात शिरते. त्यामुळे भर फुलोऱ्यातील झाडेही वाळतात. ॲल्बर्ट व गॅब्रिएल हॉवर्ड यांच्या परागणाच्या अभ्यासावरून तुरीत मधमाश्यांमुळे परपरागणही होते, हे स्पष्ट झाले. म्हणूनच वाणाची शुद्धता राखणे कठीण जाते. वांझ रोगाची नोंद १९३१ मध्ये पुसा येथेच झाली. या रोगात झाड हिरवे राहते, पण त्याला फुले येत नाहीत. सूक्ष्म कोळी त्याचा प्रसार करतात. त्याचे कारण व्हायरस असल्याचे मात्र २००० च्या सुमारास निश्चित झाले.

रोगप्रतिकारक व लवकर पक्व होणारे वाण : १९६० नंतरच्या दशकात अखिल भारतीय समन्वित कडधान्य सुधार प्रकल्प सुरू झाला आणि १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरू येथे आंतरराष्ट्रीय अर्धशुष्क उष्ण कटिबंधीय पीक संशोधन संस्था स्थापन झाली. रोगग्रस्त जमिनीत मुद्दाम पेरणी करून तगलेली झाडे निवडण्याची पद्धत येथे उपयोगी पडली. महाराष्ट्रातील स्थानिक तुरीतून निवडलेला ‘मारुती’ (आयसीपी ८८६३) हा मर प्रतिकारक वाण १९८६ मध्ये कर्नाटकात प्रसारित झाला व मर रोगाने ग्रासलेल्या भागात झपाट्याने पसरला. ‘आशा’ (आयसीपीएल ८७११९, १९९३) हा वाण मर व वांझ या दोन्ही रोगांना प्रतिकारक आहे. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथील केंद्राने बीएसएमआर ७३६ व बीएसएमआर ८५३ हे रोगप्रतिकारक वाण आणि पुढे बीडीएन ७११ हा लवकर तयार होणारा वाण दिला. हा वाण हंगामाअखेरच्या अवर्षणातून निभावतो. उत्तर भारतात टी २१ व यूपीएएस १२० या अल्पमुदती वाणांमुळे तुरीनंतर गहू घेणे शक्य झाले.

संकरित वाण : नरवंध्य झाडांच्या साहाय्याने तयार केलेला आयसीपीएच ८ हा तुरीचा पहिला संकरित वाण १९९१ मध्ये प्रसारित झाला. तथापि त्याच्या बीजोत्पादनात मादी ओळींतील निम्मी झाडे परागक्षम निघत. ती फुलोऱ्याच्या वेळी ओळखून उपटावी लागत असल्याने बियाणे महाग पडे व वाणाचा प्रसार खुंटला. पुढे वन्य कजॅनस कजॅनिफोलियसपासून कोशिकाद्रव्यीय नरवंध्यत्व मिळवून ही अडचण दूर करण्यात आली. या पद्धतीचा आयसीपीएच २६७१ हा वाण २०१० मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झाला. तुरीचा जीनोम २०११ मध्ये उलगडण्यात आला.

मर्यादा : वन्य जातींशी संकर करून २५ टक्क्यांहून अधिक प्रथिन असलेले तुरीचे वंश मिळविण्यात आले आहेत. परंतु बाजारात भाव मिळतो तो वजनाला व डाळीच्या उताऱ्याला, प्रथिनाला नव्हे; त्यामुळे अशा वंशांची लागवड वाढविण्यास शेतकऱ्याला कारण उरत नाही. शेंगा पोखरणाऱ्या अळीला पुरेसा प्रतिकार लागवडीतील तुरीत आढळत नाही. सुधारित वाण प्रयोगक्षेत्रावर हेक्टरी १५ क्विंटलांहून अधिक उत्पन्न देतात, पण देशाची सरासरी दीर्घकाळ ७–८ क्विंटलांच्या आसपासच राहिली आहे. शुद्ध बियाण्याचा तुटवडा, आंतरपीक म्हणून मिळणारी दुय्यम जागा व संरक्षक पाण्याचा अभाव ही याची प्रमुख कारणे होत. वाण सुधारला तरी शेत कोरडवाहूच राहते. पैदाशीतून साधलेला लाभ गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचण्यास या उणिवाही दूर व्हाव्या लागतात.