रविवारचा चहा, जमलीच तर कविता

पुण्यात १८९० साली चहाच्या पेल्यावरून मोठा गहजब झाला होता. पंच हौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला गेली, तिथं त्यांच्यापुढं चहा-बिस्किटं आली, आणि चहा खरोखर कुणी घेतला आणि कुणी पेल्याला नुसता हात लावला याची चौकशी पुढं दीड-दोन वर्षं चालली. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक दोघंही त्या यादीत होते. नावं 'पुणे वैभव'मध्ये छापवून आणण्याचा उद्योग गोपाळराव जोशी यांचा. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आयोग बसला, प्रायश्चित्तं झाली.

पुढं तेहतीस वर्षांनी, १९२३ मध्ये, त्याच पुण्यात काही तरुण कवी दर रविवारी ठरवून चहाला जमू लागले. आता प्रायश्चित्ताचा प्रश्न नव्हता. टीका मात्र व्हायची होती, आणि ती चहापेक्षा कवितेवर व्हायची होती. या बैठकीला आधी 'सन-टी क्लब' म्हणत. पुढं 'रविकिरण मंडळ' हे भारदस्त नाव मिळालं. शाळेत मराठी शिकलेल्या प्रत्येकाच्या कानावरून हे नाव गेलेलं असतं, आणि बहुतेकांना त्यापुढचं काही आठवत नाही. अभ्यासक्रमानं त्याचं एक 'युग' करून टाकलं. मुळात तो सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या घोळक्यात वेळ घालवण्याचा प्रकार होता.

घोळका मात्र जोरदार होता. फर्ग्युसन कॉलेजात फार्शी शिकवणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव ज्यूलियन. साताऱ्याकडून आलेले दोघे: शंकर केशव कानेटकर ऊर्फ गिरीश आणि यशवंत दिनकर पेंढरकर ऊर्फ यशवंत. श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे हे कविता करणारं जोडपं. ग. त्र्यं. माडखोलकर तेव्हा विशीत होते आणि स्वतःला कवी समजत होते. द. ल. गोखले, वि. द. घाटे. शिवाय दिवाकर, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे, पेशानं शाळामास्तर. यांची ख्याती कवितेची नव्हेच, नाट्यछटांची. कवींच्या टोळक्यात हा गद्य लिहिणारा माणूस काय करत असेल? पण दिवाकरांच्या नाट्यछटा वाचल्या की वाटतं, चार जण बोलत असताना कान उघडे ठेवून बसणं हेच तर त्यांचं काम होतं. त्यांचं सगळं लेखन माणसाच्या तोंडून सुटलेल्या बोलण्याचं आहे.

अशा बैठकीची गरज का पडली, हे आधीच्या पिढीकडं पाहिलं की समजतं. केशवसुत १९०५ मध्ये हुबळीला प्लेगनं गेले. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता. तो पुढं हरिभाऊ आपट्यांनी काढला. बालकवींना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानं उचलून धरलं, रेव्हरंड टिळकांनी नगरला घरी ठेवून घेतलं, तरी पुढली वर्षं वणवण चुकली नाही. नवोदिताला मार्ग एकच: मासिकाच्या संपादकाकडं टपालानं कविता धाडायची आणि वाट पाहायची. छापून आली तर मित्रांत मिरवायची, नाहीतर 'साभार परत'चा लिफाफा घरच्यांच्या नजरेआड करायचा. कवितेत नेमकं काय बिघडलं होतं, हे त्या लिफाफ्यात लिहिलेलं नसे.

मंडळात ते समोरासमोर ऐकायला मिळू लागलं. कविता वाचायची, बाकीच्यांनी ती उलटीपालटी करायची. आणि बैठकीला माधवराव असत. या माणसाच्या कानाला मात्रेची चूक सहन होत नसे. मराठीतल्या वृत्त-छंदांचा हिशेब मांडणारी त्यांची 'छंदोरचना' १९२७ मध्ये आली. ती त्यांनी पुन्हा घासूनपुसून १९३७ मध्ये वाढवली, आणि तिच्यासाठी मुंबई विद्यापीठानं पुढल्या वर्षी डी. लिट. दिली. असा परीक्षक दर आठवड्याला शेजारी बसणार असेल, तर यमकासाठी शब्द मोडून घालायची छाती कुणाला होईल?

दुसरी सोय याहून व्यावहारिक होती. मंडळानं संपादकांची वाट पाहणंच सोडून दिलं. स्थापनेच्याच वर्षी 'किरण' हा एकत्रित संग्रह काढला आणि पुढं सभासदांची पुस्तकंही मंडळाच्या नावावर निघत गेली. केशवसुतांना जे जन्मात मिळालं नाही, ते रविवारच्या चहावाल्यांनी काही महिन्यांत मिळवलं. यातला वाईट भाग उघड आहे: वाचणारे आपले, छापणारे आपले, वाहवा करणारेही आपलेच. प्रस्तावनाही घरच्या घरी. बाहेरच्यांच्या डोळ्यांत हे सलत होतं.

भर म्हणून यशवंत आणि गिरीश कविता चालीवर म्हणू लागले. गावोगावच्या व्याख्यानमाला, शाळांची संमेलनं, वाचनालयांचे वार्षिक समारंभ, सगळीकडं काव्यगायनाला बोलावणी. एरवी पुस्तकाच्या वाटेला न जाणारे लोकही 'आई'वरची कविता ऐकायला गर्दी करत. कविता लोकांपर्यंत नेण्याचं श्रेय या फिरतीला द्यायलाच हवं. तिनं कवितेत थोडा रडवेपणा आणला, हेही खरं. सभागृहात हमखास टिपं काढणारी ओळ कोणती, हे एकदा कळलं की पुढली कविता लिहिताना ती आपसूक हाताखाली येते.

हे सगळं पुण्यातच बसून एक शाळामास्तर बघत होता. प्रल्हाद केशव अत्रे. 'केशवकुमार' या नावानं त्यांनी १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' काढली आणि मंडळाची हवाच काढून घेतली. त्यातला 'प्रेमाचा गुलकंद' तर अजूनही लोकांना तोंडपाठ असतो: प्रेयसीला रोज गुलाब देणारा प्रियकर आणि त्या गुलाबांचं तिच्या घरी व्यवहारी हातांनी झालेलं रूपांतर. कवींच्या लकबी, फार्शी शब्दांची पेरणी, फुलं-चंद्र-विरह यांचा साठा, टीपा-प्रस्तावनांचा थाट, अत्र्यांनी काही सोडलं नाही. विडंबन इतकं नेमकं साधायला मूळ कविता ओठांवर असाव्या लागतात. मंडळाचा सर्वांत बारकाईनं वाचणारा वाचक मंडळाबाहेर निघाला, हा त्या रविवारांचा एक अनपेक्षित लाभच म्हणायचा.

मंडळ फार वर्षं एकत्र राहिलं नाही. नोकऱ्या बदलल्या, गावं बदलली. माधवरावांना फर्ग्युसन सोडावं लागलं. पुढं ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. मराठी गझलेचा पाया घालणारी त्यांची 'गज्जलांजलि' १९३३ ची, आणि हाच फार्शीचा पंडित नंतर भाषाशुद्धीच्या इतका आहारी गेला की स्वतःच्या जुन्या कवितांतले फार्शी शब्द उपटून काढायला बसला. रविवारची बैठक चालू असती तर कुणीतरी त्यांचा हात धरला असता, असं वाटून जातं. माडखोलकर नागपूरला जाऊन कादंबरीकार आणि संपादक झाले; कविता त्यांनी सोडली ते बरंच केलं. यशवंतांनी बालगुन्हेगारांवर 'बंदीशाळा' लिहिलं आणि ते पुढं बडोद्याचे राजकवी झाले.

पण एक गंमत बघण्यासारखी आहे. १९३६ चं जळगाव साहित्य संमेलन: अध्यक्ष माधव ज्यूलियन. १९४६ चं बेळगाव, जिथं संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीनं जोर धरला: अध्यक्ष माडखोलकर. १९५० चं मुंबई: यशवंत. १९५३ चं अहमदाबाद: घाटे. चहाच्या एका मेजावरून चार संमेलनाध्यक्ष! आणि मध्ये १९४२ ला नाशिकचे अध्यक्ष कोण, तर अत्रे.

या यादीत बाईचं नाव नाही. मनोरमाबाई मंडळात कवयित्री म्हणून होत्या, कुणाची पत्नी म्हणून कोपऱ्यात बसलेल्या नव्हत्या, आणि १९२३ च्या पुण्यात ही गोष्ट लहान नव्हती. पण पुढं कट्टे जितके रस्त्यावर आले, तितक्या त्यांतून बायका दिसेनाशा झाल्या. इराण्याच्या हॉटेलात त्यांच्यासाठी लाकडी आडोशामागं 'फॅमिली रूम' असे. साहित्य बाहेरच्या बाजूला, संगमरवरी टेबलांवर चाले.

ती टेबलं मुंबईची. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ आणि त्यांच्या सोबत्यांनी 'शब्द' नावाचं अनियतकालिक काढलं, ते सायक्लोस्टाइल करून. सायक्लोस्टाइलची रीत आता कुणाला सांगूनही पटत नाही. मेण लावलेल्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं उलट्या-सुलट्या वेलांट्या सांभाळत हातानं लिहायचं. दाब जास्त झाला की कागद फाटायचा, कमी झाला की अक्षर उमटायचं नाही. मग ती स्टेन्सिल शाई भरलेल्या रुळावर ताणून बसवायची आणि दांडा फिरवत एकेक प्रत काढायची. बोटं काळी, शर्टाच्या बाह्या काळ्या. पानं वाळली की जमिनीवर ढीग मांडून क्रमानं उचलायची, ठोकून सारखी करायची, पिना मारायच्या. एकट्यानं हे करायचं म्हटलं तर आठवडा जाईल. चौघांनी केलं तर एक रात्र, आणि ती रात्र गप्पा, भांडणं, सिगारेटी आणि खालून मागवलेला चहा यांतच जाणार. पुण्याच्या मंडळात दोस्ती कवितेच्या कानाशी बांधलेली होती. इथं ती हातांच्या संख्येशी बांधलेली होती. ज्याला मित्र नाहीत त्याला अनियतकालिक काढता येत नसे.

अशोक शहाणे यांनी १९६३ मध्ये 'असो' हे अनियतकालिक सुरू केलं आणि त्याच सुमाराला 'मनोहर'मध्ये लेख लिहून प्रस्थापित मराठी साहित्याची हजेरी घेतली. नेमाड्यांची 'कोसला'ही त्याच वर्षीची. वसतिगृह, मेस, गॅदरिंग, भटकंती आणि निखळ वेळ घालवणं यांच्यातूनच ती कादंबरी उभी राहते, पण नेमाडे बसून लिहायला मात्र खानदेशातल्या आपल्या गावी गेले होते. पुण्यात राहून ती झाली असती का, शंकाच आहे.

गिरगावातल्या खटाववाडीत मौजेचा छापखाना आणि 'सत्यकथा' मासिक. तिथंही बैठक होतीच, पण ती संपादकांची: श्री. पु. भागवत, राम पटवर्धन. कथा पुन्हा पुन्हा लिहून घेणारी, शब्दाला शब्द भिडवून पाहणारी. बाहेरच्या पोरांना ती दरबारासारखी वाटे. १९६९ मध्ये राजा ढाले आणि मंडळींनी त्याच दारात 'सत्यकथे'चा अंक जाळला. आज तटस्थपणे पाहिलं तर दोन्ही बाजू एकच काम करत होत्या, नव्या लेखकाला खडसावून शहाणं करण्याचं. फरक एवढाच की एकीकडं पेन्सिल होती आणि दुसरीकडं आगपेटी.

ढाले, नामदेव ढसाळ आणि त्यांच्या बरोबरीच्यांचे कट्टे निराळे. वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह हा त्यांतला सर्वांत मोठा. इथं कुणी आळशीपणाची चैन करायला येत नव्हतं. ढसाळांनी टॅक्सी चालवून दिवस काढले होते. तरी मोकळ्या वेळातली बोलणी इथंही मोलाची ठरली. अलंकार थिएटरपासून ऑपेरा हाऊसकडं ढसाळ आणि ज. वि. पवार बोलत बोलत पायी जात होते, आणि त्या चालण्यातच लढाऊ संघटनेची कल्पना पक्की झाली, असं पवारांनी लिहून ठेवलं आहे. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रहही त्याच वर्षी आला, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. तेंडुलकरांना त्या कवितांतल्या वस्तीची माहिती नव्हती, म्हणून कवीनंच त्यांना तिथं फिरवून आणलं होतं.

कोलटकरांनी आपला कट्टा सर्वांत जास्त काळ टिकवला. काळा घोड्याजवळच्या रॅम्पार्ट रोवरचं 'वेसाइड इन', लाल चौकटीच्या टेबलक्लॉथचं जुनं रेस्तराँ. जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेला हा माणूस वर्षानुवर्षं गुरुवारी दुपारी तिथं बसे, आणि भेटायचं असणाऱ्यानं तिथंच यायचं अशी पद्धत. घरी फोन नाही, फार कुणाला उत्तरं नाहीत, पण गुरुवार चुकायचा नाही. मित्र बोलत आणि कोलटकर खिडकीतून बाहेर बघत: रस्त्यावरचं कुत्रं, इडली विकायला येणारी बाई, कचरा वेचणारे, तिठ्यावरची रहदारी. लक्ष बाहेर आहे म्हणून कुणी रागावलं असेल तर नवल नाही. पण ते बघणं बरीच वर्षं चाललं आणि त्याचं 'काळा घोडा पोएम्स' हे इंग्रजी पुस्तक झालं.

या शतकाच्या सुरुवातीला 'वेसाइड इन' बंद पडलं. तोवर कोलटकरांनी पुस्तकं काढायचा आळसच केला होता. मराठीतला 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ चा, आणि त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षं मराठी संग्रह नाही. त्यांच्या मागं लागणारे मित्र नसते तर वह्या तशाच पडून राहिल्या असत्या. शहाण्यांच्या 'प्रास प्रकाशन'नं २००३ मध्ये 'चिरीमिरी' आणि 'भिजकी वही' काढली, २००४ मध्ये 'काळा घोडा पोएम्स'. त्याच वर्षी सप्टेंबरात कोलटकर गेले. 'भिजकी वही'ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि हे पुस्तक काढणारा होता 'असो'च्या काळापासूनचा जुना दोस्त.