उपकरप्राप्त इमारती : सुरक्षा-दुरुस्तीची जबाबदारी

मुंबई बेटशहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, ३० सप्टेंबर १९६९पूर्वी बांधलेल्या आणि दुरुस्ती उपकर लागू असलेल्या भाडोत्री इमारतींना उपकरप्राप्त इमारती म्हणतात. १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या इमारती अ वर्गात, त्यानंतरच्या १९५० अखेरपर्यंतच्या ब वर्गात आणि उरलेल्या क वर्गात मोडतात. मूळच्या १९,६४२ इमारतींपैकी १६,५०२ अ वर्गातल्या होत्या.

१९४७च्या भाडेकायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. गरिबाचे छप्पर त्यामुळे टिकले, पण मालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतले. सध्याच्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीला मुभा दिली. मूळ रक्कमच क्षुल्लक असल्याने चित्र फारसे पालटले नाही.

याच अधिनियमाच्या कलम १४नुसार, वेगळा करार नसेल तर, जागा सुस्थितीत व राहण्याजोगी ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरूंनी एकेकट्याने किंवा मिळून किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी; त्यानंतर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षातली वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापलीकडे जाऊ शकत नाही. खरी मेख इथेच आहे. महिना २०० रुपये भाडे असेल तर वर्षाला ६०० रुपये वळते होतील. तेवढ्यात सामायिक संडासाची गळतीही धड थांबत नाही, तुळई बदलणे लांबच.

म्हणूनच १९६९च्या कायद्याने उपकर बसवून रचनात्मक दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ नेमले. पुढे ते महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाचा, म्हणजे म्हाडाचा, भाग झाले. मुंबई महापालिका मालमत्ता कराबरोबर उपकर वसूल करते आणि त्यात शासनाच्या निधीची भर पडते. कुजलेल्या तुळया, तडकलेल्या भिंती, कललेले खांब हे मंडळाचे काम. त्यालाही क्षेत्रफळानुसार खर्चमर्यादा आहे. त्या मर्यादेवरची रक्कम मालक-भाडेकरूंनी भरली नाही तर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरू शकते.

जुन्या चाळीत सागवानी तुळईचे टोक भिंतीत पुरलेले असते. न्हाणीचे पाणी वर्षानुवर्षे मुरले की तुळई नेमकी तिथेच कुजते आणि वरचा रंग शाबूत दिसत राहतो. अशा ठिकाणी लावलेला टेकू हा दुरुस्ती होईपर्यंतचा आधार असतो. अनेक इमारतींत तो कायमचा होऊन बसतो, ही व्यवस्थेची अक्षम्य हयगय आहे.

भाडेकरूवरही बंधने आहेत. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केल्यास जागा जाऊ शकते. लाकडी आडभिंत, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी खिडकी, वातानुकूलन यंत्र यांना भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १६ने यातून वगळले आहे. पण जे कायद्याला चालते ते कुजक्या तुळईला पेलेलच असे नाही.

धोकादायक ठरलेल्या इमारतीबाबत मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४खाली पालिका नोटीस काढते. तरी लोक जागा सोडत नाहीत, कारण संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या निवाऱ्यात, गेलेले कुटुंब वर्षानुवर्षे परतत नाही हे त्यांनी शेजारीपाजारी पाहिलेले असते. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत आधीच धोकादायक ठरलेली होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी ती कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. फोर्टमधल्या भानुशाली इमारतीचा भाग १६ जुलै २०२० रोजी कोसळला, त्यात १० जण गेले.

म्हाडा कायद्यातील कलम ७९-अ अशा इमारतींच्या पुनर्विकासासाठी आहे. प्रस्ताव देण्यास आधी मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला सहा महिने मिळतात. दोघेही चुकले तर म्हाडा भूसंपादन करू शकते.

इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा नोटीस आली तर भाडेपावत्या आणि खोलीच्या मोजमापाची लेखी नोंद हाती ठेवून वेळेत बाहेर पडावे.