एका निबंधाची शिष्यवृत्ती

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील एका विद्यार्थ्याने निबंध लिहिला. विषय राज्यकारभाराचा होता आणि भाषा अर्थातच इंग्रजी. त्यात त्याने मराठ्यांचे राज्य आणि ब्रिटिशांचे राज्य यांची तुलना केली. झुकते माप मराठ्यांकडे गेले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी विद्यार्थ्याला बोलावून घेतले, जे सरकार तुम्हाला शिकवते त्यालाच नावे ठेवू नयेत अशा अर्थाची समज दिली, आणि चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे सहा महिने त्याची शिष्यवृत्ती रोखून धरली. त्या विद्यार्थ्याचे नाव महादेव गोविंद रानडे.

ग्रँट हे काही कोत्या बुद्धीचे गृहस्थ नव्हते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे ते नावाजलेले संपादक होते आणि रानड्यांच्या बुद्धीचे चाहतेही. पेच वेगळाच होता. इंग्रजी निबंध शिकवायचा म्हणजे विद्यार्थ्याला स्वतःचे मत बनवायला आणि ते पुराव्याने मांडायला शिकवायचे. मग ते मत गैरसोयीचे निघाले तर काय करायचे? हा पेच समजून घेण्यासाठी तीसेक वर्षे मागे जावे लागते.

‘निबंध’ हा शब्द आपल्याकडे जुनाच, पण त्याचा अर्थ निराळा होता. धर्मशास्त्रात निबंध म्हणजे वचनांचा संग्रह: हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’, कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिंधु’. निबंधकाराचे मोठेपण असे की, शेकडो ग्रंथांतील वचने एकत्र आणून त्यांच्यातील विरोध त्याने मिटवावा. त्याची युक्तीही वचनांच्या आधारानेच चाले. इंग्रजी शाळेतून आलेल्या निबंधात हे उलटे झाले. तिथे लिहिणाऱ्याचा निष्कर्ष पुढे आला आणि आधार त्याच्या सेवेला लागले. नाव जुने राहिले, आतले माणूस बदलले.

हा बदल ज्यांनी सर्वप्रथम पचवला त्यांत बाळशास्त्री जांभेकर अग्रभागी होते. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या ‘दर्पण’चे पान पाहिले की गोष्ट लक्षात येते. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी. हा नुसता वाचकांच्या सोयीचा भाग नव्हता. एकच युक्तिवाद दोन भाषांत उभा करताना कोणत्या भाषेत तो लंगडतो हे दर अंकाला लिहिणाऱ्याच्याच डोळ्यांसमोर येई. पुढे बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक झाले. त्या पदावर पोचलेले ते पहिले भारतीय. ताम्रपट व शिलालेखांवरचे त्यांचे इंग्रजी लेख रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापले गेले, आणि त्याच माणसाने १८४५ साली ‘ज्ञानेश्वरी’ शिळाप्रेसवर छापून काढली.

त्याच १८४५ मध्ये शिक्षक घडवण्यासाठी एल्फिन्स्टन संस्थेत ‘नॉर्मल क्लास’ निघाला आणि त्याची सूत्रे बाळशास्त्रींकडे आली. इथले उमेदवार पुढे देशी भाषांच्या शाळांत शिकवणार होते. म्हणजे भूगोल, गणित, व्याकरण यांची नवी विद्या बहुतांशी इंग्रजी पुस्तकांतून उचलायची आणि मुलांपुढे मराठीत मांडायची. वर्ग नीट उभा राहण्यापूर्वीच, मे १८४६ मध्ये, बाळशास्त्री वारले. वय अवघे चौतीस. त्यांच्या जागी आले दादोबा पांडुरंग तर्खडकर. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्येच प्रसिद्ध झाले होते, आणि ती रचनाही इंग्रजी व्याकरणाच्या धाटणीवर बेतलेली होती.

याच सुमारास बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये वाद पेटला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजीवर. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि कर्नल जर्व्हिस यांचे म्हणणे असे की, विद्या लोकांपर्यंत जायची तर ती लोकांच्याच भाषेतून गेली पाहिजे. नाना शंकरशेट स्वतः इंग्रजीत तरबेज होते, हे विसरता कामा नये. ‘आधुनिक’ विरुद्ध ‘जुनाट’ असा हा सामना नव्हताच. आपापली बाजू मांडताना दोन्ही पक्ष सरकारी टिपणे लिहीत होते ती मात्र इंग्रजीत!

निबंधाचे खरे शिक्षण वर्गापेक्षा वर्गाबाहेर झाले. जून १८४८ मध्ये प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. एकाने निबंध वाचावा आणि इतरांनी त्यावर तुटून पडावे, अशी तिची रीत. तिच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा. इंग्रजीत कमावलेली तर्कपद्धती आता मायबोलीत उतरू लागली. हा बदल समजण्यासाठी एकच उदाहरण पुरे. १८४९ मध्ये बेहरामजी गांधी या तरुणाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. तो ऐकून सभासद केवळ माना डोलवून घरी गेले नाहीत, त्यांनी मुलींच्या शाळाच काढल्या. स्वतःचे काम सांभाळून हे तरुण सकाळी फुकट शिकवीत. त्यांत दादाभाई नौरोजी होते. मराठी मुलींच्या शाळेसाठी नानांनी आपल्या आवारात जागा दिली. निबंध वाचणे हे तेव्हा इतके जोखमीचे काम होते, ऐकणाऱ्यांसाठीही.

सरकारलाही निबंधाची ताकद उमगलेली होती. गुजरात-काठेवाडातील काही राजपूत घराण्यांतील कन्याहत्येवर उत्तम इंग्रजी निबंधासाठी ६०० रुपयांचे बक्षीस लावले गेले. ते पटकावले एल्फिन्स्टनमधले तरुण शिक्षक भाऊ दाजी यांनी. निबंध १८४७ मध्ये छापून निघाला. भाऊ पुढे डॉक्टर झाले, तरी लेखणी सुटली नाही. शिलालेखांवरील त्यांचे इंग्रजी संशोधनपर लेख हा भारतीय पुरातत्त्वाचा पाया मानला जातो.

यानंतरची पिढी दक्षिणा फेलोंची. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी टप्प्याटप्प्याने वळवली आणि तिचा एक भाग कॉलेजातील फेलोशिपसाठी वापरला. फेलोने स्वतः शिकायचे आणि खालच्या वर्गांना शिकवायचे. श्रावणातल्या रमण्याचा पैसा इंग्रजी निबंध तपासणाऱ्या तरुणांच्या पगारात जमा झाला, हा इतिहासाचा एक खट्याळ विनोदच. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही असे फेलो होते, आणि १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांतही दोघे होते.

भांडारकरांच्या हातून या शिक्षणाचे सर्वात टिकाऊ फळ आले. रत्नागिरीत हेडमास्तर असण्याच्या काळातच त्यांची संस्कृत शिकवणारी क्रमिक पुस्तके तयार होऊ लागली. नियम आणि स्पष्टीकरणे इंग्रजीत, धडे संस्कृतात. मराठी मुलगा संस्कृत शिकणार तो इंग्रजीतून! आज हे विचित्र वाटते. पण मोजक्या शब्दांत नियम, लगेच उदाहरण, मग अभ्यास, ही शिस्त पाठांतराच्या परंपरेला नवी होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या पुस्तकांवर संस्कृत शिकल्या. १८७७ मध्ये संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर त्यांनी व्याख्याने दिली, तीही इंग्रजीत. मराठी शब्दांची कुळकथा त्यात शास्त्रीय रीतीने आली.

इथेच या कथेतली सल आहे. १८६० च्या दशकात विद्यापीठाने देशी भाषांना अभ्यासक्रमातून बाजूला सारले आणि अभिजात भाषांना जागा दिली. मराठीबद्दल विद्वत्तापूर्ण लिहायला शिकलेला पदवीधर मराठीत परीक्षा मात्र देऊ शकत नव्हता. याला एक उत्तर पुण्यातून आले. सरकारी शाळेत शिक्षक असलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. मेकॉले आणि जॉन्सन वाचून घोटलेली लेखणी त्यांनी ८४ अंक मराठीसाठी चालवली. मेकॉलेचा आवेश त्यांनी जरा जास्तच उचलला, हेही खरे.

रानड्यांचे उत्तर अधिक संथ होते. ते काही काळ एल्फिन्स्टनमध्येच शिकवत होते, पुढे न्यायाधीश झाले, आणि विद्यापीठात मराठीला परत जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षे झगडले. एम.ए.च्या परीक्षेत तिचा शिरकाव झाला तो १९०१ मध्ये. त्याच वर्षी १६ जानेवारीला रानडे गेले होते.

मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९०० मध्ये, त्यांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. विषय मराठ्यांच्या सत्तेचा उदय. भाषा इंग्रजी.