रुग्णवाहिकेचे घड्याळ

रुग्णवाहिकेचा इतिहास हा घड्याळाचाही इतिहास आहे. पूर्वी लढाई संपेपर्यंत जखमींना तसेच पडून राहावे लागे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शल्यवैद्य लारे याने त्यांना रणांगणातूनच उचलणाऱ्या हलक्या घोडागाड्या काढल्या. पुढे १९७९ साली अमेरिकेतील सिएटलच्या परिसरात झालेल्या अभ्यासाने दाखविले, की हृदय थांबल्यापासून ४ मिनिटांत छाती दाबण्याचा प्रथमोपचार व ८ मिनिटांत पुढील उपचार मिळाले, तर पुष्कळ अधिक रुग्ण वाचतात.

महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी '१०८' सेवा सुरू झाली. शहरात २० आणि खेड्यात ३० मिनिटांत गाडी पोहोचावी, हे तिचे माप ठरले. आता समजा, एक गाडी ५ मिनिटांत आली आणि दुसरी डांगे चौकातल्या गर्दीत अडकून ३५ मिनिटांनी. सरासरी २० च भरते! कागदावर सेवा उत्तीर्ण झाली; दुसऱ्या रुग्णाचे काय? शिवाय गाडी दारात आली म्हणजे डॉक्टर चौथ्या मजल्यावर पोहोचला, असे नव्हे.

म्हणून थेरगावकरांनी नुसती सरासरी विचारू नये. किती हाकांना ठरल्या वेळेत उत्तर मिळाले, आणि ज्यांच्यासाठी गाडी धावली त्यांपैकी किती जण बरे होऊन घरी परतले, हे दोन आकडे मागावेत.