अनुस्फुरक रंजके, न्यूक्लिइक अम्लांची

न्यूक्लिइक अम्लांशी बद्ध झाल्यावर जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) अथवा दृश्य प्रकाशात तेजस्वी दिसणारी रंजके. कोशिकेतील डीएनए दाखविणे व कोशिका जिवंत आहे की मृत हे ठरविणे, हे त्यांचे प्रमुख उपयोग होत. यांतील काही रंजके मात्र मूळची ट्रिपॅनोसोम या परजीवी प्रजीवांवरील औषधे होत.

घोडे, उंट व गुरे यांच्या सरा रोगाचा ट्रिपॅनोसोम ग्रिफिथ एव्हान्झ यांनी १८८० मध्ये तत्कालीन पंजाब प्रांतात शोधला. पुणे येथे १८८९ मध्ये स्थापन झालेल्या व १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलविलेल्या इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरीचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी या रोगाचा विस्तृत अभ्यास केला. परंतु त्या वेळी उपचारासाठी सोमलाखेरीज फारसे काही हाती नव्हते. पुढे पाउल एर्लिख व कियोशी शिगा यांनी १९०४ मध्ये ट्रिपॅन रेड हे रंजक ट्रिपॅनोसोमांविरुद्ध वापरले. त्याच कुळातील ट्रिपॅन ब्ल्यू अनुस्फुरक म्हणून वापरले जात नाही. तथापि ते मृत कोशिकांतच शिरते, म्हणून जिवंत कोशिका मोजण्यासाठी आजही वापरतात.

गुरांच्या ट्रिपॅनोसोम रोगावरील एथिडियम ब्रोमाइड १९५२ मध्ये पुढे आले. एल्. एस्. लर्मन यांनी १९६१ मध्ये सपाट रंजकरेणू डीएनएच्या लगतच्या क्षारक-जोड्यांमध्ये सरकतात, असे प्रतिपादिले. अशा बंधनाने एथिडियमाचे अनुस्फुरण सुमारे २०–२५ पट वाढते. डीएपीआय हे रंजकही १९७१ च्या सुमारास जर्मनीत ट्रिपॅनोसोमांवरील औषधाच्या शोधातच निर्माण झाले. औषध म्हणून ते टिकले नाही.

प्रोपिडियम आयोडाइड अखंड कोशिकापटलातून आत जात नाही, तर हेक्स्ट ३३३४२ जाते. दोन्ही एकत्र वापरल्यास सर्व केंद्रके निळी व पटल फाटलेल्या कोशिकांची तांबडी दिसतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रंजक पटलाच्या अखंडतेची साक्ष देते, जीवनाची नव्हे : जंबुपार किरणांनी विभाजनक्षमता गमावलेला सूक्ष्मजंतू काही काळ रंजकाला बाहेरच ठेवतो व जिवंत गणला जातो. एस्. श्ट्रूगर यांनी १९४० च्या सुमारास ॲक्रिडीन ऑरेंजने जिवंत कोशिका हिरव्या व मृत तांबड्या दिसतात असे मानले होते. पण हा रंगभेद रंजकाच्या संहतीवर आणि न्यूक्लिइक अम्ल एकसरी की दुसरी यावरही अवलंबून असतो, असे नंतर दिसून आले.

एथिडियमाच्या उत्परिवर्तनकारक गुणामुळे अनेक प्रयोगशाळांत त्याऐवजी सायनीन वर्गातील रंजके वापरली जातात.